नमुना लहान, निष्कर्ष महान

प्रयोगासाठी नमुने किती घ्यावेत, हे संख्याशास्त्रज्ञाला चुकूनही विचारू नका. तो उलट तुम्हालाच विचारील, की किमान किती फरक सापडायला हवा आणि मोजमापांत विचलन (म्हणजे विखुरलेपणा) किती? मग १६ ला परिणामाच्या, म्हणजे फरक भागिले विचलन याच्या, वर्गाने भागून मोकळा होईल. फरक अर्ध्या प्रमाण विचलनाइतका असेल, तर भागा ०.२५ ने, झाले गटामागे ६४! वीस टक्के गळती धरली की ८०. एवढी उठाठेव कशाला, तर फरक खरोखर असल्यास तो ८० टक्के वेळा हाती लागावा म्हणून.

त्यापेक्षा गटात तीन उंदीर घ्या. आधीच्या विद्यार्थ्याने तीनच घेतले होते, एवढा शास्त्राधार पुरे. फक्त त्यावर आकड्यांचा नुसता क्रम बघणारी मॅन-व्हिटनी चाचणी लावू नका. सहा आकडे दोन गटांत वाटायच्या रीती अवघ्या २०. सगळे उंदीर तुमच्या मनासारखे वागले तरी दुहेरी पी-व्हॅल्यू (फरक नसतानाही, कुठल्याही दिशेने, निदान एवढी तफावत योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.१ च्या खाली उतरत नाही, आणि फरक 'सापडला' म्हणायला ती ०.०५ च्या आत हवी. सरासऱ्यांची तुलना करणारी टी-चाचणी बरी, ती बिचारी काहीही खपवून घेते.

तीन हा आकडा केविलवाणा वाटतोय? प्रत्येक उंदराच्या शंभर पेशी मोजा आणि नमुन्यांची संख्या म्हणून बेलाशक 'एन = ३००' लिहा. औषध उंदराला दिले होते, पेशींना सुटे नव्हे, हे कोण बघतो! एका उंदराच्या पेशींमधला सहसंबंध (एकमेकींशी सारखेपणा) ०.५ असेल, तर त्या तीनशेंचे मोल जेमतेम सहा भरते. पण ते गणित करायला आधी कुणाला शंका तर यायला हवी.

दहा-दहा घेतलेत तर खरी चंगळ. तोच अर्ध्या विचलनाचा फरक सापडण्याची शक्यता वीस टक्क्यांच्याही आत. मात्र सापडलाच, तर निदान ०.९४ विचलनाचा दिसणार, कारण त्याहून लहान फरकाला दहाच्या गटात ०.०५ चा उंबरठा ओलांडताच येत नाही. म्हणजे जवळपास दुप्पट परिणाम, तोही आयता! पुढे कुणाला मोठ्या प्रयोगात अर्धाच मिळाला, तर त्यांचे उंदीर वेगळे.

पी ०.०७ वर अडली, तर आणखी पाच नमुने घालून पुन्हा बघा, ०.०५ च्या खाली गेली की लगेच थांबा. सारख्या अंतराने पाचदा डोकावले की नसलेला फरक 'सापडण्याची' शक्यता ५ वरून १४ टक्क्यांवर जाते. घरबसल्या एवढी वाढ कुठे मिळते?

परीक्षकाने पॉवर (खरा फरक हाती लागण्याची शक्यता) मागितलीच, तर मिळालेल्या फरकावरूनच मागाहून काढून द्या. पी ०.०५ असेल तर ती ५० टक्क्यांच्या आसपासच येणार. नवी माहिती शून्य, पण रकाना भरतो. आणि काहीच सापडले नाही तर 'परिणाम नाही' असे ठणकावून लिहा. तेवढा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक ज्यात असू शकतो तो पल्ला, मात्र छापू नका. त्यात शून्यही बसते आणि भलामोठा परिणामही.