गाजराने लॅब्रॅडॉरचं रातांधळेपण जात नाही

‘लॅब्रॅडॉर संध्याकाळी जिन्यात अडखळतो? ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलंय, महिनाभर गाजर द्या’ असा मेसेज फिरतोय. गाजर खुशाल द्या, कुत्री कुडुमकुडुम खातात. पण हे अडखळणं पीआरए या आनुवंशिक आजाराची सुरुवात असू शकते. त्यात डोळ्याच्या पडद्यातल्या, अंधुक उजेडात पाहणाऱ्या पेशी आधी मरतात, मग दिवसाची नजरही जाते. बाहुल्या विस्फारलेल्या राहतात, टॉर्चच्या उजेडात डोळे जरा जास्तच चमकतात. गेलेली नजर परत आणणारं औषध नाही. ‘आईबाप तर ठणठणीत होते’ हेही फसवं: दोघंही सदोष जनुकाचे नुसते वाहक असले, तरी प्रत्येक पिल्लाला धोका २५ टक्के. पिल्लू घेताना आईबापांचा डीएनए रिपोर्ट मागा. गालाच्या आतून घेतलेला नमुना त्यासाठी पुरतो.