शिस्त आणि शंभर डॉलर

जानेवारी २०२५मध्ये एचएमपीव्ही या श्वसनाच्या विषाणूच्या बातम्या सुरू झाल्या आणि आमच्या घरच्या ग्रुपवर साथीतल्या शिस्तीचं जुनं भांडण पुन्हा पेटलं. खरं तर हा विषाणू २००१ सालीच नेदरलँड्समध्ये ओळखला गेलेला, पण तेवढं वाचायला वेळ कुणाला? दादाचं म्हणणं ठरलेलं: "आपल्या लोकांना दंडुकाच हवा. सिंगापूर बघा! सांग गं यांना, तुमच्याकडे कसं असतं ते."

पुण्याच्या माणसानं साथीत दंडुका मागावा, याची मला गंमत वाटते. १८९७च्या प्लेगात रँडच्या घरझडत्यांनी काय झालं, ते आपण शाळेत शिकलो. २०२०मध्ये कोविडसाठी आपल्याकडे लावला तो साथरोग कायदाही त्याच वर्षीचा.

असो. मार्च २०२०मध्ये शेवटच्या काही विमानांपैकी एकानं मी मुंबईहून सिंगापूरला परतले आणि चौदा दिवस घरात बसले. फोनवर मेसेज यायचा, लिंक दाबून 'इथंच आहे' असं कळवायचं. मी एकदाही बाहेर पडले नाही. पण त्यात शिस्त कसली? पगार खात्यात येत होता, भाजी दारात. खालच्या मजल्यावरचे टॅक्सीवाले अंकल त्याआधी फेब्रुवारीत असेच अडकले होते, कुठल्याशा रुग्णाच्या संपर्कात आले म्हणून. स्वतःचा धंदा असलेल्यांना क्वारंटाइनमध्ये सरकार दिवसाला शंभर डॉलर देत होतं. ते नसते तर टॅक्सी काढली असती का, असं मी विचारलं. अंकल नुसते हसले.

आणि जिथं सरकारनं नीट पाहिलंच नाही, तिथं हेच शिस्तीचं सिंगापूर सपशेल उघडं पडलं. परदेशी मजुरांच्या वसतिगृहांत तीन लाखांवर माणसं, दुमजली खाटा, एकेका खोलीत डझनभर, संडास-न्हाणी सामाईक. २०२०अखेर देशात ५८ हजारांहून जास्त रुग्ण झाले, त्यांतले ५४ हजारांवर या वसतिगृहांतले. कायदा तोच, पोलीस तेच. शहर जूनपासून हळूहळू उघडलं, हे मजूर मात्र त्यानंतरही कितीतरी महिने आतच.

मग दादाला धारावी का आठवत नाही? १ एप्रिल २०२०ला तिथं पहिला रुग्ण सापडला. अंतर पाळा म्हणायला मुळात जागाच नाही. महापालिकेनं गल्लीतल्या खासगी डॉक्टरांना सोबत घेतलं, ताप तपासायला शिबिरं लावली, शाळा आणि हॉल ताब्यात घेऊन लोकांना तिथं ठेवलं, खायलाही घातलं. ओळखीचा डॉक्टर 'चल' म्हणाला की माणूस निघतो. शिट्टी वाजली की लपतो.

हे सगळं टाइप करून शेवटी दादाला एवढंच विचारलं, "आपल्या नाक्यावरच्या रिक्षावाल्याला चौदा दिवस घरी बसवलंस, तर त्याच्या रोजच्या कमाईचं काय?"

"तो विषय वेगळा आहे," दादाचं उत्तर आलं.