साध्या हवेचा माणूस

टायरमध्ये साधी हवा भरतो एवढ्यावरून माणसाची चारचौघांत लायकी काढता येते, हे मला परवा कळलं. पावसाळ्याआधीची सर्व्हिसिंग होती. ऑइल, वायपरची रबरं, एसीचा फिल्टर, नेहमीचंच सगळं. अ‍ॅडव्हायझरने विचारलं, "नायट्रोजन ना सर?" मी म्हणालो, "नको, साधी हवा." आणि शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ पेपर बाजूला ठेवून माझ्याकडे वळले.

"साधी?"

"हो. हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो."

"आणि उरलेलं?"

"बहुतेक ऑक्सिजन."

"तोच तर घातक!"

"अहो, आपण तोच घेतो की."

"म्हणून तर माणूस म्हातारा होतो. टायरचंही तेच." एवढं बोलून त्यांनी अ‍ॅडव्हायझरकडे पाहिलं. त्यानेही गंभीरपणे मान हलवली. गृहस्थ पुढे सरकले. "विमानात काय भरतात?"

"नायट्रोजन."

"मग!"

आता विमानाचं चाक वर गोठतं, खाली उतरताना तापतं, तिथे ओल आणि ऑक्सिजन दोन्ही नकोच असतात. माझी गाडी सिग्नलला उभी राहते. हे मी सांगू लागलो तोवर त्यांनी प्रेक्षक गोळा केले होते. "पैसे वाचवायचे असतील तर तसं सांगावं माणसाने," ते एका अनोळखी बाईंना म्हणाले. बाईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. शेवटी मी चिडून विचारलं, "तुमची गाडी कोणती?"

"आमची नाही. मेव्हण्याची आहे. मी सोबत आलोय."

त्यांना म्हणे घरी करमत नाही.

नायट्रोजन थोडा सावकाश झिरपतो, हे खरं आहे. पण महिन्यातून एकदा, टायर थंड असताना हवा तपासली की काम भागतं. किती भरायची ते दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर छापलेलं असतं. टायरवरचा आकडा हा कमाल मर्यादेचा. माझ्या स्टिकरवर 33 आहे. गाडी हातात आली तेव्हा चारही चाकांत 40 होती. उपचारांची पद्धत काही असो, डोस सरसकट एकच!

वर जॉब कार्डावर इंजिन फ्लश, थ्रॉटल क्लीनिंग, अंडरबॉडी कोटिंग या ओळींपुढे शिक्का: 'ग्राहकाचा नकार'. यातला फ्लश माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये कुठेच नाही. जे आहे ते ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषतं, ओल वाढली की लवकर उकळतं आणि लांब उतारावर पेडल पोकळ लागू शकतं. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. माझी दोन वर्षं कधीच उलटून गेली होती, नोंद त्यांच्याच संगणकात होती. डॅशबोर्डला मात्र असं पॉलिश मारलं होतं की काचेत त्याचंच प्रतिबिंब दिसत होतं.

"ब्रेक ऑइल बदललंत?" मी विचारलं.

"सर, ते तुम्ही कंप्लेंटमध्ये सांगितलंच नव्हतं."