शुक्रवारची कहाणी आणि आजची फँटसी

बहिणीच्या मुलीनं परवा तिच्या कादंबरीचं बाड आणून हातात ठेवलं. वय 19, आणि मराठीत फँटसी लिहितेय. ग्वाल्हेरला, आमच्या लश्कर भागात, मराठी वाचणारी तरुण मुलं शोधावी लागतात. इथं लिहिणारी मुलगी आपल्याच घरात निघाली. मला भरून आलं. एका रात्रीत सगळं वाचून काढलं. तेव्हापासून मनात जे घोळतंय ते लिहिते आहे, कारण ते फक्त तिच्या बाडाबद्दल नाही.

पहिली 11 पानं नकाशा आणि जादूचे नियम. कोणत्या कुळाला कोणतं तत्त्व वश, एका मंत्राला अंगातलं किती बळ लागतं, ते भरून यायला किती रात्री जातात, सगळं कोष्टकात. मग पहिलं प्रकरण. बर्फाचं वादळ, देवदारांचं रान, घोड्यावरून उतरलेला सेनापती. आणि तो राणीला म्हणतो, "तू ठीक आहेस ना? आपल्याला याबद्दल बोलायला हवं."

तिथंच मी थांबले.

अमेरिकन फँटसी लेखिका उर्सुला ले ग्विन यांनी 1973 साली एका निबंधात एक प्रयोग करून दाखवला होता. त्या काळच्या एका फँटसी कादंबरीतला संवाद त्यांनी घेतला, मोजके शब्द बदलले, आणि तो उतारा वॉशिंग्टनच्या राजकारणावरच्या कादंबरीत सहज खपून गेला. त्यांचं म्हणणं असं की फँटसीत जग उभं राहतं ते भाषेतून. भाषा रोजच्या कचेरीतली असेल, तर किल्ले आणि ड्रॅगन नुसते पडद्यावर रंगवलेले राहतात. भाचीच्या सेनापतीच्या जागी टीम लीडर घातला आणि राणीच्या जागी त्याची मॅनेजर. वाक्य जागचं हललं नाही.

याचा अर्थ सगळ्यांनी तोंड भरून संस्कृत बोलावं असा नाही. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणारे टोल्किन भाषांचे प्राध्यापक. त्यांनी आधी भाषा रचल्या, मग त्या बोलणाऱ्यांच्या गोष्टी. 1954-55 साली आलेल्या त्या कादंबरीच्या तीन खंडांत हॉबिट, म्हणजे तिथली बुटकी माणसं, साधं, घरगुती, खाण्यापिण्याचं बोलतात आणि रोहन राज्याचे घोडेस्वार जुन्या वीरकाव्याच्या ठेक्यात. कोण बोलतंय ते कानाला कळतं.

भाचीला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, नियम आधी सांगितले नाहीत तर शेवटी वाचकाला वाटतं, लेखकानं फसवलं." तिचं खोटं नाही. फँटसी लेखक ब्रँडन सँडरसन यांनी 2007 साली हेच मांडलं होतं: जादूनं पेच सोडवायचा असेल, तर ती जादू वाचकाला जितकी समजली असेल तितकंच लेखकाला चालतं. ऐन वेळी नायकाला नवी शक्ती फुटली की मलाही राग येतो. पण नियम वेगळा आणि वापरायची माहितीपुस्तिका वेगळी. कच संजीवनी शिकून निघतो, तेव्हा नाकारलेली देवयानी शाप देते की ही विद्या तुला फळणार नाही. तो म्हणतो, मला नाही फळली तरी मी ज्याला शिकवेन त्याला फळेल. केवढा कडक नियम आहे हा! पण तो कोष्टकातून आलेला नाही, दोन दुखावलेल्या माणसांच्या तोंडून आलाय. म्हणून तो विसरता येत नाही.

आणि जुनं ते सोनं एवढंच मला म्हणायचं नाही. आजच्या लेखिका एन. के. जेमिसिन यांच्या 2015 सालच्या फँटसी कादंबरीत मुलगा गमावलेल्या आईची गोष्ट 'तू' म्हणून सांगितली आहे. तू उठतेस, तू चालतेस. ती बाई स्वतःपासून इतकी तुटलीय की तिच्याकडून 'मी' म्हणवणारच नाही. तिच्यासारख्या, जमीन हादरवू शकणाऱ्या माणसांना त्या जगात लोक भितात आणि राबवतात. विषय आणि शैली तिथं एकच झालीत. त्या मालिकेच्या तिन्ही भागांना 2016 ते 2018 सलग ह्यूगो हा विज्ञानकथा-फँटसीचा मोठा पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे तर श्रावणातल्या कहाण्या आहेत. आजी लश्करातल्या घरी देवापुढे बसून वाचायची: आटपाट नगर होतं. तीन शब्दांत नगर उभं! नकाशा नाही, वंशावळ नाही. शुक्रवारच्या कहाणीत गरीब बहिणीला भाऊ जेवणावळीला बोलवत नाही. ती मुलांना घेऊन जाते तर पंगतीतून उठवतो. पुढं देवी प्रसन्न होते, घरात संपत्ती येते. ही सगळी जादू दोन वाक्यांत आटोपते. मग भाऊ मानानं बोलावतो. ती पाटावर दागिने काढून ठेवते आणि एकेक पदार्थ उचलून एकेका दागिन्यावर ठेवते. भाऊ विचारतो, ताई, हे काय? ती म्हणते, ज्यांना जेवायला बोलावलंस त्यांना वाढतेय. लहानपणी या जागी मला दर वेळी हुंदका यायचा. आजी मात्र आवाज न चढवता पुढं वाचायची.

भाचीनं बर्फ पाहिलेलंच नाही. मे महिन्यात किल्ल्याचा दगड रात्रीही गरम असतो, हे तिला माहीत आहे. तानसेनच्या समाधीपाशी मी तिला नेलं होतं, तिनं चिंचेची पानं चावून डोळे मिटले होते, आवाज गोड होतो म्हणून. आंबट पानांनी दात आंबले आणि ती घरी येईपर्यंत गुणगुणत राहिली. ते तिच्या कादंबरीत कुठंच नाही, आणि मला त्याचंच सगळ्यात वाईट वाटतंय. ले ग्विन यांनी 1968 मध्ये त्यांच्या जादूगाराला तांबूस सावळा रंग दिला, त्याला समुद्रातल्या बेटांवर राहायला ठेवलं. त्यांना देवदार आणि गोरे राजपुत्र लागले नाहीत. आपल्याला का लागावेत?

नियमांची 11 पानं ती काढणार नाही म्हणते. वाद अजून चालू आहे. रविवारी येतेय. आजीची कहाण्यांची पोथी काढून ठेवली आहे. हळदीकुंकवाचे डाग पडलेलं शुक्रवारचं पान सुटलंय, ते आधी डिंकानं चिकटवायला हवं.