घोषणा म्हणे!

आज डोकं जाम फिरलंय. इथल्या एका काव्यस्पर्धेत कॉलेजच्या एका पोराने ऊसतोडीला जाणाऱ्या आईवर कविता म्हटली. आपल्या बोलीत, ठसक्यात. परीक्षक माईकवर काय म्हणाले? "ही कविता नव्हे, घोषणा आहे. आणि भाषा जरा शुद्ध करा." पोरगं मान खाली घालून बसलं. अख्ख्या सभागृहात कुणी हूं की चूं केलं नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यात कवी लिंटन क्वेसी जॉन्सन घुमतोय. जमैकातल्या चॅपलटनचा, जन्म १९५२. आई पुढे लंडनला गेली, हा मागे आजीकडे राहिला. निरक्षर आजीला बायबल वाचून दाखवायचा. १९६३ साली अकरा वर्षांचा असताना आईकडे लंडनमधल्या ब्रिक्सटनला आला आणि शाळेत असतानाच तिथल्या ब्लॅक पँथर या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेत शिरला. (आपल्या दलित पँथरनं १९७२ला नाव घेतलं ते मूळच्या अमेरिकेतल्या पँथरांवरून. तिकडे लंडनच्या पँथरांत आणि पुढे 'रेस टुडे' मासिकाच्या गटात जॉन्सनबरोबर आपल्या पुण्याचा लेखक फारुख धोंडीही होता. हे किती जणांना माहीत आहे?)

त्या काळी लंडनचे पोलीस काळ्या पोरांना नुसत्या संशयावरून उचलायचे. कायदा १८२४चा, भटक्यांसाठी केलेला. गुन्हा घडायचीही गरज नाही! त्यावर जॉन्सनची कविता आहे, 'सनीज लेटा', म्हणजे सनीचं पत्र. ब्रिक्सटनच्या तुरुंगातून सनी आईला पत्र लिहितो. संध्याकाळची गर्दी, दोघं भाऊ बसची वाट बघत उभे, पोलिसांची गाडी येऊन थांबते. धाकट्या जिमला बदडतात, थोरल्याला बघवत नाही, तो मध्ये पडतो. एक पोलीस मरतो. जिमवर संशयाचं कलम, याच्यावर खुनाचं. हे सगळं जमैकन बोलीत, रेगे या तिथल्या संगीताच्या ठेक्यावर.

मी त्या कवितेचं रेकॉर्डिंग घरी लावलं होतं तेव्हा आई शेंगा फोडत बसली होती. तिला इंग्रजीचा गंध नाही. मध्येच हात थांबवून म्हणाली, "लेकरू रडायलंय का रे?" तो रडत नाहीये. आवाज एकदम सपाट आहे, तरी तिला कळलं. परीक्षक महाशय, सांगा आता, ही घोषणा का?

हो, नुसता आरडाओरडा म्हणजे कविता नव्हे, मान्य. जॉन्सनच्याही काही ओळी मोर्चासाठीच लिहिल्यासारख्या आहेत. असू द्यात की! मोर्चे होतेच तसे. १९८१च्या जानेवारीत लंडनच्याच न्यू क्रॉसला वाढदिवसाच्या पार्टीत आग लागून १३ कोवळी पोरं गेली. आजवर कुणावर खटला नाही. २ मार्चला हजारो लोक लंडनच्या रस्त्यावर उतरले. त्या आगीवर जॉन्सननं कविता लिहिली, आधी नाचगाणं, मग किंकाळ्या. सरकारी कागदांनी जे धड सांगितलं नाही ते त्या कवितेत आहे.

१८२४च्या कायद्यातलं संशयाचं ते कलम त्याच वर्षी रद्द झालं. कवितेमुळे झालं असं मी म्हणत नाही. पण सनीचं पत्र लोकांच्या कानात होतं, हे खरं.

आईला मी सगळी गोष्ट आमच्या भाषेत सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढंच विचारलं, "पत्र भेटलं का मग तिला?" मला उत्तर देता आलं नाही, कवितेत ते नाहीच. त्या पोराच्या कवितेतली आई फडावर मोळी बांधता बांधता शाळेतल्या लेकराचं नाव घेते. माझ्या आईनं ती ऐकली असती तर तिनं शुद्ध-अशुद्ध काढलं नसतं.

२००२ मध्ये पेंग्विन या प्रकाशनानं आपल्या मॉडर्न क्लासिक्स या नामवंत पुस्तकमालिकेत जॉन्सनला घेतलं. त्या मालिकेतला पहिला काळा कवी, तोही हयातीत. त्याच बोलीसकट.

त्या पोराला ओळखणारं इथं कुणी असेल तर माझा निरोप द्या. कविता मला पाठव म्हणावं, आहे तश्शी. आणि बाकीच्यांनी जॉन्सन आधी ऐका, मग वाचा. शब्द अडले तर विचारा, मी सांगतो.