मेटफॉर्मिन आणि केमो: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

‘मोठ्या आतड्याचा कॅन्सर असेल तर केमोसोबत शुगरची मेटफॉर्मिन गोळी सुरू करा, केमो दुप्पट काम करते’ असा मेसेज सध्या ग्रुपवर फिरतोय. हे सिद्ध झालेलं नाही.

मुळात थोडं तथ्य आहे. प्रयोगशाळेत या गोळीने कॅन्सरपेशींची वाढ मंदावलेली दिसली. ब्राझीलमध्ये, इतर उपचारांचा उपयोग न झालेल्या 50 रुग्णांना ती फ्लुरोयुरॅसिल या केमोच्या औषधासोबत दिली गेली. आठ आठवड्यांनी 11 जणांचा आजार आटोक्यात होता. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे श्रेय गोळीचं की केमोचं हे कळत नाही. स्तनाच्या कॅन्सरवरच्या साडेतीन हजारांहून जास्त रुग्णांच्या चाचणीत तर 2022 मध्ये फायदा दिसलाच नाही.

माझी खरी काळजी वेगळी आहे. केमोत जुलाब-उलट्या होतात, अंगातलं पाणी कमी होतं, मूत्रपिंडावर ताण येतो. अशा वेळी मेटफॉर्मिनमुळे रक्तात लॅक्टिक आम्ल साठून जिवावर बेतू शकतं. म्हणून ती मनाने सुरू करू नका. मधुमेहासाठी आधीपासून चालू असेल तर मनाने बंदही करू नका. केमो देणाऱ्या डॉक्टरांना चिठ्ठी दाखवा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हा खुलासा पाठवा.