चकली फिरतेय, गुरुजी!

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली दहा लाख डॉलरचं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं आणि बाकीच्या गुरुजींना गावातून चालणं मुश्कील झालं. "काय गुरुजी, तुमचं कधी?" हा प्रश्न मला पिठाच्या गिरणीपासून मयतीपर्यंत सगळीकडे विचारून झालाय. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याची धडपड त्यांनी केली. आमच्या नशिबी ते कोड उघडणं आलं.

उघडतात, नाही असं नाही. सरकारच्या दीक्षा ॲपमधून कोड स्कॅन केला की धड्याचा व्हिडिओ हजर. पण रेंज येते खिडकीबाहेर आणि लोकवर्गणीतला टीव्ही आहे खिडकीच्या आत. मग सातवीतलं एखादं उंच पोर हॉटस्पॉट चालू केलेला मोबाईल गजांतून बाहेर धरून उभं राहतं. बुध, शुक्र व्यवस्थित पार पडतात. पृथ्वी येईपर्यंत पोराचा हात दुखतो आणि पडद्यावर ते गोल गोल सुरू होतं. "चकली फिरतेय, गुरुजी!" आमची सूर्यमाला अजून मंगळापुढे गेलेली नाही.

त्या मानानं फेट गुणी. नोबेलविजेते कार्ल वाइमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला प्रकल्प. विज्ञान-गणिताचे प्रयोग पडद्यावर करायचे. फुकट, काही मराठीतही, आणि आधी उतरवून ठेवले की नेट लागत नाही. एकदा लाइट गेलेली असताना मी मोबाईलवरच सेल, वायर, बल्ब जोडून दाखवला. बल्ब लख्ख पेटला, टाळ्या पडल्या. मागून एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, ही वायर आपल्या डीपीला नाही का जोडता येणार?"

माझं मत विचाराल तर सगळ्यात भारी प्लिकर्स, म्हणजे वर्गाला प्रश्न विचारून उत्तरं तपासायचं ॲप, कारण त्यात मोबाईल एकट्या गुरुजींकडे लागतो. पोरांच्या हातात छापील कार्डं. कार्डावर काळी चौकटी नक्षी, चार बाजूंना ए, बी, सी, डी. आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. मी मोबाईल वर्गावरून फिरवला की कुणाचं बरोबर, कुणाचं चूक ते स्क्रीनवर. प्रत्येकाची नक्षी वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून कार्ड फिरवणारा हमखास फसतो. नक्षीवर बोट आलं की मात्र कॅमेरा आंधळा. उत्तर येत नसलं की बोट नेमकं तिथेच कसं जातं, हे बालमानसशास्त्राच्या पुस्तकात नाही.

परवा शाळा तपासायला साहेब आले. म्हणाले, "मलाही द्या एक." मी गैरहजर बंड्याचं कार्ड दिलं. प्रश्न होता, महाराष्ट्राचा राज्यप्राणी कोणता? पोरांनी धडाधड शेकरू वर केलं. साहेबांनी पूर्ण आत्मविश्वासानं वाघ. माझ्या स्क्रीनवर सगळी हिरवळ आणि मधोमध लाल बंड्या. बिचारा घरी तापानं फणफणलेला, तरी त्याचा एक प्रश्न चुकला.

साहेबांनी चहा घेतला, शेरेबुक मागवलं आणि लिहिलं : 'उपक्रम स्तुत्य. कार्डांचा दर्जा सुधारावा.'